रांगडा ०.६ : आठव्या रांगेतला राजा उसना निघाला

रांगडा या माझ्या बुद्धिबळ इंजिनची ०.६ आवृत्ती मागे घेतोय. गेल्या वेळी तोऱ्यात लिहिलं होतं, मूल्यमापन आता सगळं घरचं, पेस्टो या दुसऱ्याच्या मूल्यमापनाचे तक्ते (कुठली सोंगटी कुठल्या घरात किती गुणांची, ते आकडे) हद्दपार. रविवारी इचलकरंजीच्या दोस्तानं सोर्स उघडला आणि अर्ध्या तासात फोन. "भावा, राजाच्या मिडलगेम (डावाच्या मधल्या टप्प्याच्या) तक्त्याची पहिली ओळ वाच की जरा."

-६५, २३, १६, -१५. पेस्टोची ओळ, जशीच्या तशी.

देवाशपथ, मी ती चिकटवली नव्हती. पण हे आकडे जुळवणाऱ्या ट्युनरला सुरुवातीचे आकडे म्हणून जुनेच तक्ते दिले होते, तिथं घात झाला. टेक्सेल पद्धतीत (डावांच्या निकालांवरून आकडे जुळवायची रीत) एखाद्या घराचा आकडा हलतो तो त्या घरावर सोंगटी उभी असलेल्या पोझिशन डेटात असतील तरच. पांढरा राजा मिडलगेममध्ये आठव्या रांगेत कशाला कडमडतोय? पोचलाच तर एंडगेममध्ये, आणि तोवर सोंगट्या घटतील तसं घटणारं मिडलगेम तक्त्याचं वजन शून्याला टेकलेलं. ग्रेडियंटच (आकडा कुठं सरकवायचा तो इशारा) नाही म्हटल्यावर आकडा हलणार कसा? वर्दळीची घरं सगळी बदलली, ओसाड घरांवर जुन्या मालकाची पाटी तशीच.

रायबका इंजिनचं प्रकरण आठवलं. आयसीजीए या संगणक-खेळांच्या संघटनेनं २०११ मध्ये त्याची २००७ ते २०१० ची चार विश्वविजेतेपदं काढून घेतली. निकालावर आजही भांडणं होतात. पण फ्रूट या इंजिनचा कोड उचलल्याचा आरोप करणाऱ्यांचा एक मुद्दा मला कायम आवडायचा: वेळेच्या कोडमध्ये पूर्णांकाची तुलना ०.० शी केलेली. फ्रूटमध्ये तिथं दशांश होता, म्हणून ०.० शोभायचं. असली निरुपयोगी खूणच माणसाला पकडून देते. मी हे लोकांना रंगवून सांगायचो, आता माझा ०.० म्हणजे -६५.

पेस्टोचे आकडे उघड्यावरच आहेत, ते वापरले म्हणून कुणी फाशी देणार नाही. स्टॉकफिशसुद्धा २००८ मध्ये ग्लाउरुंग या दुसऱ्या इंजिनमधूनच निघाला, तसं सांगून. माझी चूक 'घरचं' म्हणण्यात.

मग सगळे तक्ते शून्यावर आणून ट्युनर परत सोडला. ओसाड घरं शून्यच राहिली, छान. पण घोड्याचा तक्ता बघतोय तर पुन्हा ओळखीचा चेहरा! कडेचा घोडा वाईट हे कुणाचंही इंजिन म्हणेल, ते सोडा. डेटा मात्र ०.५ च्या आपसातल्या डावांचा, म्हणजे पेस्टोच्याच डोळ्यांनी खेळलेला. भांडं घासलं, पाणी विहिरीचं तेच.

म्हणून आता फक्त सोंगट्यांची किंमत मोजणारा रांगडा स्वतःशी खेळवतोय, पहिल्या आठ चाली रँडम. त्या डावांवर ट्युनिंग, नव्या तक्त्यांनी पुन्हा डाव. पहिली फेरी ०.५ कडून दणकून हरली. दुसरी चालू असताना वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, रात्रभराचे डाव पाण्यात. लक्ष्मीपुरीतून घेतलेला यूपीएस अकरा मिनिटं टिकला, दुकानदार दोन तास म्हणाला होता. आता दर शंभर डावांनी फाईल लिहितो. इंजिनांचे डाव लावून देणारं क्यूटचेस जुनं म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत, मला अजून त्याचाच भरवसा वाटतो.

एक गोड बातमी: एन-पासांत (शेजारून दोन घरं पुढं गेलेलं प्यादं मारणं) केल्यावर आडव्या रेषेत हत्तीचा शह उघडा पडतो, तो इंजिनला न दिसण्याचा किडा एकदाचा मेला. तिसऱ्या टेस्ट पोझिशनचं पर्फ्ट (चाली बरोबर निघतात का ते तपासायची मोजणी) खोली ५ ला ६७४६२४, नेमकं. त्या रात्री एकटाच फडतरेंची मिसळ हाणून आलो असतो, पण दुकान बंद.

पुढं एनएनयूई (न्यूरल नेटवर्कचं मूल्यमापन) लिहायचं ठरलं होतं. हे लिहिता लिहिताच बेत बदलला. तक्ते डावी-उजवीकडे आरशासारखे केले तर ६४ ऐवजी ३२ च आकडे, डेटाही कमी लागेल. आणि पेस्टोचे तक्ते आरशासारखे नाहीत, म्हणजे ओळच्या ओळ उतरणं शक्यच नाही. फक्त राजाला आरसा चालत नाही, दोन्हीकडचं कॅसलिंग सारखं नसतं. आणि माती खाल्ली ती नेमकी राजानंच! बघू, राजाचा तक्ता हातानं लिहीन, जाडाभरडा का असेना.

०.६ ची फाईल काढली. रीडमीत पेस्टोचं नाव घातलं. ०.५ च्याही. तिथंही नव्हतं.