एका सीडीत वीसच गाणी का?

"दीडशे गाणी बसतात म्हणे एका सीडीत, मग तुम्ही वीसच कशी दिलीत?" लग्न, मुंज, एकसष्टी, काहीही असो, सीडी हातात पडली की चार दिवसांत हा फोन येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय असतो, की या गृहस्थाने हात आखडता घेतला की काय! आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

मी घरच्या कॉम्प्युटरवर गाण्यांच्या सीडी करून देतो. धंदा नाही, हौस. ज्यांचं सगळं मोबाइलवर भागतं ते माझ्याकडे कशाला येतील? येतात ते आईवडिलांसाठी. घरात जुना, धडधाकट प्लेअर असतो, आईला मोबाइलवर शोधाशोध जमत नाही, आणि ऐन अंतऱ्यात जाहिरात लागली की तिचा मूडच जातो. तिला एक बटण दाबायचं असतं आणि गाणं लागायला हवं असतं, बस.

तर दीडशे गाण्यांची सीडी म्हणजे फायलींची सीडी. एमपीथ्रीची एक फाइल चार-पाच एमबीची, कोरी सीडी ७०० एमबीची. भागाकार केला की दीडशे आलेच. पण ती फाइल उलगडून वाजवायची अक्कल प्लेअरला हवी. जुन्या डेकला ती नसते. तो सीडी आत घेतो, दोनदा घुरघुरतो आणि डिस्कच नाही म्हणून सांगतो. तिथे चालते ती ऑडिओ सीडी. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली तिचे नियम ठरवले, आणि दुकानात मिळणारी गाण्यांची सीडी आजही त्याच नियमांवर चालते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डाव्या-उजव्या कानाचा हिशेब वेगळा. म्हणजे मिनिटाला दहा एमबी आणि वर थोडे. तुम्ही दिलेली फाइल चार एमबीची असली तरी सीडीवर जाताना प्रोग्रॅम ती पूर्ण उलगडतो आणि चार मिनिटांचं गाणं चाळीस एमबी खातं. (उलगडली म्हणून ती सुधारत नाही. एमपीथ्री करताना जे गाळलं गेलं ते गेलंच.) सीडीवर मिनिटं मिळतात ८०. चित्रपटातलं गाणं साडेतीन ते पाच मिनिटांचं. करा हिशेब.

हिशेबाची आवड असलेले इथे मला पकडतात. ८० मिनिटं म्हणजे ८४ कोटी बाइटच्या वर जातात, मग ७०० एमबीच्या सीडीत ते मावतात कसे? गंमत अशी आहे की सीडीवरच्या प्रत्येक खणात २,३५२ बाइट बसतात. तुम्ही फायली भरता तेव्हा त्यातले २,०४८ तुमचे आणि बाकीचे मुख्यतः चूक पकडण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी राखलेले. गाणं भरताना ही जास्तीची राखण काढून टाकतात आणि सगळाच्या सगळा खण गाण्याला देतात. पतपेढीच्या हिशेबात एक आकडा अंदाजाने भरून चालणार नाही. गाण्यात मात्र एखादा चुकार नमुना प्लेअर शेजारचे पाहून भरून काढतो आणि कानाला पत्ता लागत नाही.

हे झालं यंत्राचं उत्तर. माझं विचाराल तर दीडशे मावली असती तरी मी वीसच दिली असती. दीडशेच्या सीडीतली पहिली दहा ऐकली जातात, रोज तीच, आणि उरलेली एकशेचाळीस नुसती असतात. कॅसेट भरून देणारी दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. वहीच्या कागदावर यादी द्यायची, साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. दुकानदार पेन्सिलीने बेरीज करायचा आणि म्हणायचा, "बी साइडला चार मिनिटं उरतायत, अजून एक सांगा." त्या एकासाठी घरात वादावादी व्हायची. आवडतं काय हे माणसाला तेव्हा कळायचं. आजही कुणी चाळिसाची यादी आणून दिली की मी ती तशीच परत देतो आणि सांगतो, निम्मी खोडून आणा. खोडून आणलेली यादी पहिलीपेक्षा कितीतरी चांगली असते.

मग लावायचा क्रम. माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे, आणि लोकांना याचंच आश्चर्य वाटतं. भूपाळी आधी आणि भैरवी शेवटी हे कुणीही सांगेल. मधल्या अठरांचं काय? माझा पहिला निकष पट्टीचा, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे त्याचा. पेटी शेजारी घेऊनच बसतो. काळी एकमधलं गाणं संपलं आणि लगेच पांढरी दोनचं लावलं, तर चांगलं सुरेल गाणंही पहिल्या ओळीला बेसूर वाटतं, कारण आधीचा षड्ज, म्हणजे 'सा', कानात अजून वाजत असतो आणि नवा त्याला अर्ध्या सुराने खेटतो. तेच काळी एकवरून काळी चारवर गेलात तर कान आपसूक पुढे सरकतो. आधीच्या गाण्याचा पंचमच ('प') नवा षड्ज झालेला असतो. अशी जोडी जमत नसेल तर मधे लांबलचक वाद्यमेळाने सुरू होणारं गाणं घालायचं, म्हणजे शब्द येईपर्यंत कान मोकळा होतो. दुसरा निकष लयीचा, पण त्यात फार डोकं घालू नये. दोन संथ गाणी लागोपाठ चालतात, तिसऱ्याला मंडळी उठून चहा ठेवायला जातात.

दोन गाण्यांमधली शांतता हा वेगळा विषय आहे. प्रोग्रॅम आपणहून दोन सेकंद टाकतो. एरवी ते ठीक. पण मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर टाळ्यांच्या मधोमध दोन सेकंद सभागृह मेल्यासारखं होतं. सीडी लिहायचा प्रोग्रॅम नीरो असो की के-थ्री-बी, त्यात हा अवकाश शून्य करता येतो. पहिल्या गाण्याआधीचे दोन सेकंद तेवढे नियमानेच राहतात. लिहिण्याची पद्धत 'डिस्क ॲट वन्स', म्हणजे सगळी सीडी एका दमात, ही निवडा. 'ट्रॅक ॲट वन्स'मध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर बंद होतो, तिथे अखंड टाळ्या विसरा.

आवाजाच्या पातळीकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. पन्नासच्या दशकातलं गाणं हळू, त्यामागून दोन हजार सालानंतरचं आलं की आजीचा हात दचकून बटणाकडे जातो. प्रोग्रॅममध्ये पातळी सारखी करायची सोय असते, ती दाबून लोक निर्धास्त होतात आणि फरक पडत नाही. कारण साधं आहे. ती सोय गाण्यातलं सर्वांत उंच टोक शोधते आणि त्यावरून बाकीचं ठरवते. जुन्या तबकडीवरून घेतलेल्या गाण्यात सर्वांत उंच टोक असतं सुईच्या टकटकीचं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लाट मोठी करून पाहा, शांत डोंगररांगेत एक सरळ सुळका दिसेल. तोच तो. त्यातली 'रिपेअर' ही सोय १२८ नमुन्यांपर्यंतचा तुकडा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम तीन हजारांश, आजूबाजूचं पाहून सांधून देते. असे सुळके काढले की मग पातळी वर घ्या. तरीही शेवटचा निवाडा कानाचाच. मी प्रत्येक गाण्याच्या मुखड्याची सुरुवात लागोपाठ ऐकतो आणि हाताने कमीजास्त करतो.

कधी कधी यादीत घरातलीच कॅसेट असते. ती कॉम्प्युटरवर घेताना डेकची वायर निळ्या भोकात घाला, गुलाबी माइकसाठी असतं, तिथे आवाज फाटतो. टेपची खरखर काढायची सोयही जपून वापरा, जरा जास्त झाली की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. एकदा अशाच एका कॅसेटवर एक गृहस्थ घरच्या बैठकीत अभंग गात होते, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कुकरची शिट्टी. मुलगा म्हणाला, "तेवढी काढता येईल का हो?" काढता आली असती, पण तिच्याबरोबर पेटीचे तीन-चार सूरही गेले असते. मी तसं सांगत होतो तेवढ्यात त्याची आई आतून म्हणाली, "राहू दे ती. माझीच आहे." राहिली.

सीडी लिहायला दहा मिनिटं पुरतात. कोऱ्या सीडीवर ५२ एक्स, म्हणजे वाजायच्या वेगाच्या ५२ पट, वेग छापलेला असला तरी जुन्या प्लेअरसाठी मी १६ एक्सवर लिहितो, आणि शेवटी सीडी 'फायनलाइज' झाल्याची, म्हणजे लिहून कायमची बंद झाल्याची खात्री करतो. नाहीतर ती माझ्याकडे वाजते आणि तुमच्याकडे वाजत नाही. नाव लिहायला बॉलपेन नको. सगळे खालची चकचकीत बाजू जपतात, पण नाजूक असते ती वरची. तिथे चकाकीचा थर पातळ लाखेखाली लगेचच असतो, खाली मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक असतं. मऊ टोकाचं मार्कर पेन घ्या. स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. घरी लिहिलेल्या सीडीत गाणं रंगद्रव्याच्या थरात लिहिलेलं असतं, तो थर उन्हाने मरतो. दुकानातल्या छापील सीडीचं तसं नसतं.

कोऱ्या सीडी मिळतात का, हा पुढचा प्रश्न. मोझर बेअरच्या एकेकाळी घरोघर असायच्या. ती कंपनी २०१८ साली अवसायनात गेली, म्हणजे मोडीत निघाली. तरी पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरलं की पन्नासचा डबा मिळतो. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर लागणारा बाहेरचा रायटर घ्या.

कायद्याचंही विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापराला काही मोकळीक देतं. कार्यालयातल्या पाहुण्यांना वाटायला पन्नास प्रती काढणं त्यात बसतं असं मी मानत नाही, आणि तसं काम घेतही नाही. मूळ कॅसेट किंवा सीडी तुमच्याकडे आहे, तिच्यावरून आईसाठी एक हवी आहे, एवढ्यावर माझी तयारी.

तेव्हा यादी पाठवताना गाण्यापुढे गायकाचंही नाव लिहा. एकच अभंग चार जणांनी गायलेला असतो, आणि त्यातला तुमच्या आईचा कोणता, हे तिलाच विचारून या.