सोन्याचा पाय आणि मार्चचा पहिला शुक्रवार

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका वर्षं देशांच्या नावाने मोजतात. माझं लग्न समोआच्या वर्षी झालं, थोरला लेक लेबनॉनच्या वर्षाचा, आणि जाऊबाईंच्या घरावर स्लॅब पडला तो चिलीच्या वर्षी. ऐकणाऱ्याला वाटावं, या बायका जग पालथं घालून आल्यात. प्रत्यक्षात बहुतेकींचं जग वेंगुर्ल्याहून कुडाळ आणि कुडाळहून मुंबई, एवढंच.

हा हिशेब मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा. त्या दिवशी महिलांचा जागतिक प्रार्थना दिवस असतो. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि दीडशेहून अधिक देशांतल्या बायका तोच क्रम आपापल्या भाषेत म्हणतात. पॅसिफिकातल्या बेटांवर उजाडलं की सुरुवात होते आणि सूर्याच्या मागोमाग ती प्रार्थना पृथ्वीला वळसा घालते. याचं मूळ अमेरिकेत. 1887 मध्ये मेरी जेम्स नावाच्या प्रेस्बिटेरियन पंथातल्या बाईंनी आपल्या देशातल्या मिशनकार्यासाठी बायकांना एक दिवस प्रार्थनेला बसवलं, आणि 1927 पासून तो दिवस जगाचा झाला. वेंगुर्ल्याकडे मिशन आलं तेही अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचंच, त्यामुळे आमच्या आज्यांना हा दिवस घरच्यासारखा वाटे. पुस्तिकेत कॅमेरून असो की व्हेनेझुएला, नाव कसंही उच्चारलं तरी चालायचं.

माझ्या आठवणीतला तो शुक्रवार सुरू होतो काजूपासून. मार्च म्हणजे ओल्या काजूगरांचे दिवस. उपासना दुपारी, तोवर बायकांचा उपास, आणि उपास सोडायला काजूगरांची उसळ नि घावणे. म्हणजे सकाळभर चर्चच्या मागच्या पडवीत पंधरा-वीस जणी बिया घेऊन बसलेल्या. ओली बी उभी चिरायची, काडीने गर अलगद काढायचा, आणि चीक बोटांना लागू नये म्हणून राख चोळत राहायचं. तरी तो लागायचाच. आठ दिवस बोटांची सालपटं निघायची. मग त्याच काळ्या पडलेल्या बोटांनी पुस्तिका धरायची. माझ्याकडे आईची एक जुनी पुस्तिका आहे, तिच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे. पान कुठलं उघडायचं ते ठशावरून कळतं.

या सगळ्याच्या मुखत्यार आमच्या नर्सबाई. मिशनच्या दवाखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, पांढरं सुती लुगडं, कमरेला किल्ल्या. त्यांना मोघम प्रार्थनेची चीड होती. कोणी डोळे मिटून ‘हे प्रभो, सर्व आजाऱ्यांना बरं कर, सर्व दुःखितांचं सांत्वन कर’ असं सुरू केलं की त्या आमेनची वाटही बघत नसत. म्हणायच्या, “अगो, वॉर्डात राउंड घेताना सगळे बरे होवोत म्हणून पुढे जाता येतं काय? खाट नंबर किती, ताप किती, लघवी झाली का, रात्री झोपला का. देवाला माहीत आहे, तुला माहीत नाही. तू विचारून ये.” मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे त्यांच्या लेखी राउंडच. मुख्य ड्युटी ख्रिस्ताची, तो पित्याजवळ आपल्यासाठी मध्यस्थी करतोच आहे. आपण ट्रे धरून त्याच्या मागे चालायचं.

म्हणून चिठ्ठ्या. प्रत्येकीने एका चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाची तरी गरज लिहायची. स्वतःचं नाव लिहायला बंदी. चिठ्ठ्या सुपात टाकायच्या, सूप पाखडल्यासारखं हलवायचं, आणि जी हाती येईल ती वर्षभर सांभाळायची. लिहिणारीने पुढच्या मार्चपर्यंत आपण होऊन तोंड उघडायचं नाही, जिच्या हाती चिठ्ठी आली तिने शोध घ्यायचा. पुढच्या वर्षी उभं राहून सांगायचं, काय झालं.

ग्वाटेमालाच्या वर्षी, 1993 मध्ये, मी तेरा वर्षांची होते आणि मला पहिल्यांदा सुपात हात घालू दिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सोन्याचा पाय बरा होऊ दे.’ मी चिठ्ठी छातीशी धरून घरी आले. शोध वगैरे घेतला नाही. सोन्या म्हणजे कुणाचा तरी लहानगा, पोलिओ झालेला, लाकडी गाड्याला धरून चालणारा, असा मी मनाने उभा केला. चेहराही ठरवला. रोज रात्री कंदील बारीक करताना त्याच्यासाठी मागायचे. परीक्षेच्या दिवसांत एकदा विसरले तर मध्यरात्री उठून गुडघ्यांवर बसले. भाऊ चिडवायचा, “सोन्याचा पाय? मग मोडून सोनाराकडे घाल की!”

पॅलेस्टाइनच्या वर्षी उभी राहिले आणि गदगदून सांगितलं, की मी सोन्यासाठी वर्षभर प्रार्थना केली, आता तो धावत असेल असा माझा विश्वास आहे. मागच्या रांगेतली एक मावशी पदर तोंडाला लावून हलायला लागली. तिच्या शेजारणीलाही हसू आवरेना. मग मावशीच उठली. सोन्या तिचा बैल. खुराला जखम होऊन किडे पडले होते. आता बरा होता, नांगरालाही चालला होता.

मला धरणी दुभंगावी असं झालं. सगळ्या हसत होत्या, नर्सबाई सोडून. त्या मालवणीत म्हणाल्या, “हसतंत कित्याक? बैल पडलो असतो तर नांगर कोण ओढतलो? हिचो घोव?” आणि मग माझ्याकडे वळून, “मागलंस मां देवाकडे? मगे बघूक गेल्लंस? एक दिवस गेल्लंस?” गोठा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. वर्षभर मी त्या गोठ्यावरून शाळेत जात होते.

त्या दिवसांत बायबलचा अभ्यासही असायचा, तो मात्र पाळकसाहेब घेत आणि आम्ही पोरी जांभया देत असू. लक्षात राहिले ते बायकांचे शेरे. अब्राहाम पापामुळे नाश होऊ घातलेल्या सदोम शहरासाठी देवाशी बोलतो, पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, शेवटी दहा. आमच्या बायकांना हे फार आवडायचं, कारण बाजारात बांगड्याच्या वाट्यासाठी त्या नेमकं हेच करतात. एक आजी दर वेळी हळहळायची, “धावर कित्याक थांबलो? आणखी ओढूक होया हुतो.”

आणि पक्षाघाती माणसाची गोष्ट. चार जण त्याला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून छपर उसकटून वरून येशूच्या पुढ्यात सोडतात. पाळकसाहेब म्हणत, हीच मध्यस्थी: त्या चौघांचा विश्वास पाहून येशू त्या माणसाशी बोलला. नर्सबाई एवढ्यावर गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “आणि कौलां? कौलां परत कोणी बसयली?” पाळकसाहेबांनी मार्काचं शुभवर्तमान उलटसुलट चाळलं. तिथे काही लिहिलेलं नाही. दर मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो त्या मुलखात हा प्रश्न काही चेष्टेचा नव्हे. तेव्हापासून आमच्याकडे ‘कौलं बसवणं’ हा शब्दप्रयोगच झाला. कुणी फार भावपूर्ण प्रार्थना केली की शेजारीण कुजबुजायची, हिची कौलं कोण बसवणार?

सतरा वर्षांची असताना मी समर्पण केलं. कोरियाचं वर्ष. घाटावरून एक वक्त्या आल्या होत्या. बोलल्या छानच. शेवटी त्यांनी विचारलं, आपलं सर्वस्व देवाला द्यायला कोण तयार आहे? मी पुढे गेले, रडले, आयुष्य देऊन टाकलं. घरी येऊन उसळीचा वास येत होता तरी जेवले नाही, इतकी भारावलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला नर्सबाईंनी निरोप पाठवला. टॉवेल घेऊन ये. वाडीच्या टोकाला एक म्हातारी तीन महिने अंथरुणाला खिळलेली होती, सून एकटी. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाचं मलमूत्र काढलं. पाठीवरच्या जखमा कशा धुवायच्या, कूस कशी बदलायची, चादर माणसाखालून कशी ओढायची, हे नर्सबाई एका शब्दाचीही चढउतार न करता सांगत होत्या. मला दोनदा उलटी झाली. परत येताना त्या म्हणाल्या, “पौलाने रोमकरांना काय लिहिलंय? आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या. शरीरं म्हटलंय त्याने. मन म्हणाला असता तर सोपं होतं.” मग थोडं चालून, “सगळं आयुष्य नको देऊ इतक्यात. शुक्रवारचे दोन तास दे. ते टिकले तर बघू.” मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. म्हातारी जाईपर्यंतचे शुक्रवार मात्र मी दिले, चार महिने.

सगळ्या चिठ्ठ्या अशा सुखरूप पार पडल्या नाहीत. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ आलं. समुद्रात गेलेल्या होड्यांना बंदर गाठायला वेळ मिळाला नाही. आमच्या शेजारच्या गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातला धाकटा परतला नाही, त्याचं काही सापडलंही नाही. पुढच्या मार्चमध्ये, कॅमेरूनच्या वर्षी, कुणीतरी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, आणि ती आली नर्सबाईंच्याच हातात. चार महिने उलटून गेले होते. अशा चिठ्ठीचं करायचं काय? त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, किल्ल्यांच्या जुडग्याखाली खोचली. त्या वर्षभर दर शुक्रवारी त्या शेजारणीकडे जाऊन बसत. ती सुकी मासळी निवडायची, या निवडू लागायच्या. ती आपल्या देवाकडे गाऱ्हाणं घालायची, या मनात आपली प्रार्थना म्हणायच्या. पुढच्या मार्चला नर्सबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चिठ्ठी अजून माझ्याकडेच आहे,” आणि बसल्या. क्यूबाच्या वर्षी त्या गेल्या तेव्हा ती त्यांच्या बायबलात होती.

2021 चा देश वानुआतू. कोरोनामुळे आम्ही नऊच जणी, तोंडाला मास्क, चर्चच्या अंगणात खुर्च्या लांब लांब. पुस्तिकेवर तिथल्याच एका चित्रकार बाईने काढलेलं चित्र होतं, पॅम चक्रीवादळाचं: आई लेकरावर ओणवी होऊन प्रार्थना करतेय आणि तिच्या वर माड वाकलेला. आमच्या एकीनेही विचारलं नाही की हे कुठलं झाड. त्या वर्षीचा उतारा खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा. आम्ही वानुआतूच्या घरांसाठी प्रार्थना केली, आणि 16 मे च्या रविवारी तौक्ते वादळ आमच्याच दारात आलं. माझ्या माहेरच्या घराची अर्धी कौलं गेली, चर्चची पडवी उघडी पडली. लॉकडाऊन, गडी मिळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या नऊपैकी सहा जणी शिडी घेऊन हजर. वयाची साठी ओलांडलेली पडवीवर चढली आणि वरून ओरडली, “ह्यो बघ, बसयतंव!” चर्च पहिलं झालं नाही, हे सांगायला हवं. पहिलं झालं ते सोन्यावाल्या मावशीचं घर.

2024 ला पुन्हा पॅलेस्टाइन. त्या वर्षी टीव्हीवर रोज गाझा दिसत होतं, आणि पुस्तिका उघडताना कुणी बोलत नव्हतं. मग सोन्यावाल्या मावशीने, आता ती पंच्याऐंशीची आहे, मोठ्याने विचारलं, “त्येच्यासाठी आपण मागच्या खेपेक मागल्लंव मां? त्या वर्षी हीचा बैलाचा झाला हुता.” तीस वर्षं झाली होती. पाळकबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अंगणात कावळा ओरडत होता. मावशीच म्हणाली, “बरां, परत मागूया.”

उपासना झाल्यावर सूप फिरलं. माझी बोटं चिकाने काळी झालेली, चिठ्ठी उलगडताना चिकटली. आठवी-नववीतल्या कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहिलेली, घाईघाईत. ‘एका आईच्या हप्त्यासाठी.’ अक्षर ओळखीचं वाटलं. घावणे पानात पडायच्या आधी मी पडवीत पोरी बसल्या होत्या तिकडे गेले, हप्ता कितीचा आणि कुठल्या तारखेला ते विचारायला.