उपांड्या घाटाने खाली, मढे घाटाने वर: ऑक्टोबरात वाट कशी आहे

आधी कामाचं सांगून टाकतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात उपांड्या घाटाची वाट वरच्या निम्म्या टप्प्यात गवताने आणि कारवीच्या उंच झुडपांनी पार बुजलेली आहे. खालचा पदर, म्हणजे कड्याखालची झाडीची पायरी, आणि पायथ्याच्या कर्णवाडी गावाकडची बाजू बरी आहे. मढे घाट मात्र मोकळा आणि चांगला मळलेला आहे, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही. रानात वाट शोधायची सवय नसेल तर उपांड्याला डिसेंबरात जा. तोवर गवत वाळून आडवं झालेलं असतं, बरंचसं गावकऱ्यांनी कापून नेलेलं असतं. सवय असेल, किंवा माथ्यावरच्या केळद गावातलं कोणी बरोबर येणार असेल, तर आत्ताही जायला हरकत नाही. ओढे वाहतायत, सोनकीची पिवळी फुलं अजून तग धरून आहेत आणि कड्यावरून कोकण लांबवर दिसतं.

ज्यांना हा मुलूख नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला आत वळायचं, वेल्हे गाठायचं, तिथून पासलीमार्गे केळद. केळद अगदी घाटमाथ्यावर आहे. गावामागे थोडं चाललं की सह्याद्री संपतो आणि खाली महाड तालुका सुरू होतो. या पट्ट्यात घाटवाटांची रांगच आहे. उत्तरेकडून मोजत आलं तर शेवत्या, मढे, उपांड्या, गोप्या. एकेकाळी कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून धान्य खाली जायचं, ते याच वाटांनी, बैलांच्या पाठीवर. मढे घाटाचं नाव बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक पावसाळ्यातला लक्ष्मी धबधबा. दुसरं म्हणजे १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यावर त्यांचा देह याच घाटाने त्यांच्या गावी, उमरठला नेला, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत. उपांड्याच्या वाट्याला ना धबधबा आला ना अशी हकीकत, म्हणून तिकडे गर्दी नाही. गर्दी नाही म्हणून वाट मळलेली नाही.

आम्ही चौघे सकाळी साडेसहाला केळदमधून निघालो. निघण्याआधी एका घरासमोर गाडी लावायची परवानगी विचारली, तिथल्या आजींनी ती दिली आणि वर विचारलं, "खाली कशाला जाताय? तिकडून कोणी येत नाय आता." हे वाक्य पुढे दिवसभर उपयोगी पडलं. वाटेचा ठावठिकाणा विचाराल तेव्हा "वाट कुठे आहे?" असं विचारू नका, "आता तिकडून कोण जातं?" असं विचारा. गुराखी जात असतील तर वाट उघडी असणार. लाकूडफाट्याला बाया जात असतील तर निम्मी उघडी. कोणीच जात नसेल तर कोयता हातात धरणारा माणूस बरोबर घ्या.

गाव सोडल्यावर पहिला टप्पा सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीचा. इथे कमरेएवढं गवत आहे आणि सकाळी ते दवाने भिजलेलं असतं, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच पँट चिंब. गवतात ढोरवाटांचं जाळं आहे आणि त्या सगळ्या मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात. खरी अडचण हीच. मोबाइलमध्ये आधीच्या कोणाचा ट्रॅक असला तरी तो बहुधा उन्हाळ्यातला असतो, शिवाय झाडीत त्याचा नेम दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होतो. मोकळ्या माळावर एवढ्याने काही बिघडत नाही. दांडाच्या, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या डोंगरसोंडेच्या, तोंडाशी मात्र तेवढ्या फरकाने तुम्ही शेजारच्या नळीत, म्हणजे अरुंद घळीत उतरता. आणि पावसाळ्यानंतरची नळी म्हणजे घसारा, सुटे धोंडे आणि पुढे कुठेतरी कातळाचा कडा.

मग वाट ओळखायची कशी? लादलेल्या बैलासाठी काढलेल्या वाटेला काही सवयी असतात, त्या डोक्यात ठेवल्या की बुजलेली वाटही सापडते. ती कधी सरळ खाली कोसळत नाही. उतार वाढला की वळण घेते. तिची रुंदी एका बैलाच्या पाठीवरच्या गोणीपुरती तरी असते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक ठिकाणी दगड रचलेले असतात, आज ते शेवाळाखाली असले तरी पायाला कळतात. गवताखालची जमीन सपाट आणि घट्ट लागली तर तुम्ही वाटेवर आहात. पाय तिरका पडायला लागला, माती भुसभुशीत लागली, तर वाट सुटली आहे, मग समोर कितीही मोकळं दिसो. आणि अचानक बसून उतरायची वेळ आली तर उलटे फिरा. जिथून बैल उतरला असता अशीच ती वाट आहे. ढोरवाट याच्या उलट: ती उताराला आडवी जाते, अरुंद असते आणि पाणवठ्याशी किंवा एखाद्या झाडाच्या सावलीत संपते.

आम्ही नियम ठेवला होता की पुढच्या माणसाला पायाखाली वाट लागेनाशी झाली की त्याने हाक द्यायची, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, आणि त्याने एकट्याने दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस पावलं जाऊन बघायचं. चौघांनी चार दिशांना वाट शोधायला लागलं की गवत चारही बाजूंनी तुडवलं जातं आणि मग कुठलीच खूण उरत नाही. हे वेळखाऊ आहे. वरचा टप्पा उन्हाळ्यात लागतो त्याच्या दुप्पट वेळ धराच.

सड्यावरून दांडावर उतरलं की कारवी सुरू होते. डोक्यावरून जाणारी, दोन्ही बाजूंनी मिटलेली. तिच्यात शिरलं की वारा बंद, आणि ऑक्टोबरचा उकाडा काय असतो ते कळतं. कारवीबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. पूर्वी या वाड्यांमधल्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असायच्या. दरवर्षी माणसं कारवी तोडायची, ती मुख्यतः वाटेच्या कडेची, कारण तिथूनच वाहून नेणं सोपं. आता घरं विटांची आणि जांभ्या दगडाची. गुरंही कमी झाली. घाटवाट बुजते ती पावसाने नाही, पाऊस तर तेव्हाही एवढाच होता. खालचं माणूस वर यायचं थांबलं की ती बुजते.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. एका डोंगरावरची आणि शेजारच्या डोंगरावरची एकाच वर्षी फुलेल असं नाही, त्यामुळे एकाच वाटेवर तुम्हाला हिरवी आणि मेलेली अशी दोन्ही कारवी भेटू शकते. जिवंत खोड बुंध्याशी धरलं तर उतरताना चांगला आधार देतं. मेलेलं दिसायला तसंच, पण भार टाकला की काडकन तुटतं. धरण्याआधी हलवून बघा, पानं आहेत का बघा. आणि दुसरं: कारवी तोडू नका, वाकवा. हे वनजमिनीतलं रान आहे. शिवाय तिरपी छाटलेली खुंटं मागून येणाऱ्याच्या पोटरीत घुसतात.

कारवीत वाटेला आडवी अशी रानकोळ्यांची (जायंट वुड स्पायडर) मोठी जाळी लागतात, तोंडाच्या उंचीवर. हा कोळी दिसायला भयंकर, पण तुमच्या वाटेला जात नाही. पुढच्याने काठी उभी धरून चालावं, एवढंच. सापांचं मात्र गांभीर्याने घ्या. चापडा हिरवा असतो आणि फांदीवर, म्हणजे नेमका हात टाकण्याच्या जागी बसतो. फुरसं लहान आणि मातकट, दगडांच्या कडेला. म्हणून बघितल्याशिवाय हात टाकायचा नाही आणि काठी आपटत चालायचं. चावलाच तर कापू नका, घट्ट आवळून बांधू नका. अवयव हलणार नाही असा ठेवून माणसाला शक्य तितकं न चालवता खाली आणा आणि १०८ ला फोन लावा. पदरात मोबाइलला रेंज नसते, दांडावर अधूनमधून मिळते. कुठे मिळाली होती ते लक्षात ठेवत चला.

खरा उपद्रव छोट्यांचा आहे. दाट सावलीत ओलाव्याच्या जागी अजून जळवा आहेत. त्या चिकटल्या तर रक्त जातं, जीव नाही. गोचीड जास्त वाईट. गुरांच्या बसण्याच्या जागी, नेमक्या आपल्यालाही बसावंसं वाटेल अशा झाडाखाली, ती असतेच. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी गेल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट तपासणं. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची, पेटती काडी लावायची नाही. आणि जाऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांत सणकून ताप आला, अंगावर काळी खपली धरलेली बारीक जखम दिसली, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा की गवतात हिंडून आलोय. स्क्रब टायफस अशाच झुडपांमधल्या बारीक किड्यांमुळे होतो; वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. खाजकुयलीच्या शेंगा आत्ता कोवळ्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत त्या पिकून कूस उडायला लागते, तेव्हा जाणाऱ्यांनी वेलीवरच्या मखमली शेंगांना लांबूनच नमस्कार करावा.

दांड संपला की पदर येतो, आणि इथे जीव जरा थंड होतो. उंच झाडी, खाली पालापाचोळा, गवत नाही, त्यामुळे वाट पुन्हा दिसते. फक्त ओढा ओलांडताना थांबा. पावसाच्या लोंढ्याने काठ खचतात आणि पलीकडची वाट समोरच सुरू होईल याचा भरवसा नसतो. ओढा ओलांडून वाट दिसली नाही तर पात्रातून खाली उतरत राहू नका. पलीकडच्या काठाने थोडं वर, थोडं खाली बघा, वाट सापडतेच. पाणी इथेच भरून घ्या, गाळून आणि औषधाचे थेंब टाकून, कारण वर गुरं चरतात. माणशी तीन लिटर पाणी मावेल एवढी भांडी हवीत. आम्ही ती दोनदा रिकामी केली.

कर्णवाडीच्या वर भातखाचरं लागली तेव्हा हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताची कापणी सुरू होती. बांधावरून चालताना रुबाब करू नये, एकामागे एक जावं. ओंब्या लोळलेल्या असतात आणि आपल्या बुटाखाली कोणाचं तरी वर्षाचं खाणं असतं. कापणी करणाऱ्या एका मामांना वरची वाट बुजल्याचं सांगितलं. ते विळा न थांबवता म्हणाले, "बुजणारच की. आम्ही मढ्याने जातो, नायतर गाडीने." मग आमच्यातल्या एकाच्या हाफ पँटकडे बघून हसले. त्याच्या पिंढऱ्यांवर गवताने ओढलेल्या रेघा दोन्ही बाजूंनी होत्या. हाफ पँट घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

मढे घाटाबद्दल जास्त लिहीत नाही. वाट रुंद आहे, बरीचशी झाडीतून आहे, आणि ज्याने सकाळी उपांड्या उतरलाय त्याला ती राजरस्ता वाटेल. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: हे सगळे उतार पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी उतरताना सावली मिळते आणि दुपारी चढताना ऊन थेट अंगावर. बारा ते दोन खाली एखाद्या झाडाखाली काढावे असं वाटतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहाला अंधारतं. म्हणून वरचा बुजलेला टप्पा नऊच्या आत मागे टाका, अकरापर्यंत खाली पोहोचा, जेवा, आणि एकच्या पुढे चढायला लागा. एवढं जमलं नाही आणि कर्णवाडीतच दोन वाजले तरी मढे घाटाने चढता येतं, उपांड्याने मात्र परत चढू नका. बुजलेली वाट संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अजिबात दिसत नाही. घाटमाथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर रायगड आणि लिंगाणा दिसतो. मागे वळलं की तोरणा आहेच. धबधब्याच्या तोंडाशी खडकावर शेवाळ आहे, फोटोसाठी कडेला जाऊ नका. माथ्यावरून केळदमध्ये परत यायला पायी पाऊण तास धरा.

पावसाळ्यात येणार असाल तर आधी बातम्या बघा. मढे घाट परिसरासाठी पुणे जिल्हा प्रशासन त्या दिवसांत बंदी आदेश काढतं, आणि उपांड्या तर पावसात उतरण्याची वाटच नाही.

गावातलं माणूस बरोबर घेणार असाल तर पैशांचं आदल्या दिवशीच बोला. त्याला फक्त उतरायचं नसतं, परतही चढायचं असतं. कापणीच्या दिवसांत त्याचा एक दिवस शेतातून जातो, तो धरून द्या. चढायचं त्राण उरलं नाही तर कर्णवाडीतून बिरवाडीमार्गे महाडला निघता येतं, पण गाडी केळदला असेल तर वरंध घाटाने भोरवरून वळसा घालून ती आणावी लागेल आणि अख्खी संध्याकाळ त्यात जाईल. तो घाट पावसाळ्यात आणि दरडींच्या कामांसाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघण्याआधी तेही विचारून घ्या. दोन गाड्या असतील तर एक आदल्या रात्रीच कर्णवाडीत लावून ठेवणं सगळ्यात सोपं.