राणीच्या बागेत पांढऱ्या छातीचं वटवाघूळ

गेल्या रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विनची रांग बाहेरपर्यंत आली होती, पण आम्हाला बघायची होती वटवाघळं. मोठी, उंच झाडांना काळ्या छत्र्यांसारखी लटकलेली नव्हे. ती कुणालाही दिसतात. आम्ही शोधत होतो आखूड नाकाचं, मुठीएवढं फळखाऊ वटवाघूळ.

भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरलात तर बाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बुधवारी बंद असते. दार उघडताच आत शिरा, दुपारच्या गर्दीत काही सुचत नाही. आणि आधी वर बघू नका, जमीन बघा. जिथे चावून रस काढलेला चोथा, बिया आणि अर्धवट कुरतडलेले देशी बदाम पडलेले असतील, तिथे रात्री त्यांची पंगत बसलेली असते. मग जवळपासच्या पंख्यासारख्या पानांच्या ताडांखाली जाऊन एकेक पान बघायचं. नर पानाच्या शिरा कुरतडतो, पान खाली मुडपतं आणि तंबू तयार होतो. उंच वाढलेल्या अशोकाच्या दाट पानोळ्यातही ती राहतात, त्यामुळे तुमच्या सोसायटीच्या कुंपणालाही असू शकतील.

तासभर काही नाही. शेवटी माळीदादा म्हणाले, “ताई, त्या मुडपलेल्या पानाखाली बघा.” पाच जणं एकमेकांना चिकटून होती. कानांची कड फिकट, पंखातली बोटांची हाडंही फिकट, नराच्या गळ्याभोवती नारिंगी झाक. आणि कडेच्या एकाच्या छातीवर रुपयाएवढा पांढराशुभ्र डाग.

“मावशी, अल्बिनो!” भाची कुजबुजली. मी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि डोळे बघ म्हटलं. डोळे काळेभोर होते. अल्बिनो प्राण्यात मेलॅनिन बनतच नाही, म्हणून डोळे गुलाबी-लाल दिसतात. इथे फक्त त्या जागेच्या केसांत रंग आलाच नव्हता; याला आंशिक ल्युसिझम म्हणतात. तरी लगेच तशी नोंद करू नका. पानातून गळणारा उन्हाचा कवडसाही केस पांढरे दाखवतो. आम्ही वीस मिनिटं थांबलो. ऊन सरकलं, डाग तिथेच राहिला.

नीट बघण्याचा हा हट्ट मला एका दुसऱ्या वटवाघळाने लावला. 1948 मध्ये निसर्गअभ्यासक अँगस हटन यांना तमिळनाडूत, थेनीजवळच्या हाय वेव्ही डोंगरात एक वटवाघूळ मिळालं. मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात ते याच आखूड नाकाच्या जातीचं म्हणून पडून राहिलं. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा हाताळलं तेव्हा कळलं, याला शेपूट नाही आणि वर-खाली कापायच्या दातांची एकेकच जोडी आहे. 1972 मध्ये ती नवी प्रजातीच नव्हे, नवा वंश (जीनस) ठरला आणि नाव मिळालं सलीम अलींचं. हे वटवाघूळ सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या जंगलांतच सापडतं. मुंबईत शोधू नका.

आपल्याकडची बाकीची फळखाऊ वटवाघळं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत उंदीर-कावळ्यांबरोबर ‘उपद्रवी’ म्हणून होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

जाताना दुर्बीण न्या, फ्लॅश बंद ठेवा. टाळ्या वाजवू नका, पान हलवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादीच्या छातीला पिल्लू असतं. खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलू नका, पक्षी-प्राणी वाचवणाऱ्यांना फोन करा. वेगळ्या रंगाचं दिसलं तर फोटोत डोळा येऊ द्या, झाड आणि तारीख लिहा. पण नेमकं पान जाहीर करू नका.

निघताना भाचीने वहीत पाच आकृत्या काढल्या. पाचवीच्या छातीवर तिने पेन्सिल फिरवलीच नाही, कागद तसाच कोरा ठेवला.