बोर्देइरा: वाऱ्यानं राखलेली पुळण

पोर्तुगालचा आल्गार्व प्रांत म्हटलं की अल्बुफेइराची हॉटेलं, रंगीत छत्र्या आणि सोनेरी कडे डोळ्यांसमोर येतात. पण ती झाली त्याची दक्षिण बाजू. युरोपच्या नैऋत्य टोकाला, साँ व्हिसेंतेच्या भूशिरापाशी किनारा उत्तरेकडे वळतो आणि त्याच प्रांताचं दुसरं रूप सुरू होतं. तिथे कारापातेइरा नावाचं पांढऱ्या घरांचं चिमुकलं गाव आहे. त्याच्या पायथ्याशी बोर्देइराची पुळण.

आम्ही लिस्बनहून गाडीनं गेलो. वाटेत सिनेश लागलं. गोव्यातल्या शहराला ज्याचं नाव मिळालं, तो वास्को द गामा इथे जन्मला असं मानतात. आता तिथे मोठं बंदर आणि तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याच्या थोडं दक्षिणेला कोस्ता व्हिसेंतिनाचं संरक्षित क्षेत्र सुरू होतं, ते थेट बुर्गाउपर्यंत. १९८८ साली या किनाऱ्याला संरक्षण मिळालं, १९९५ साली निसर्ग उद्यानाचा दर्जा. एवढ्या देखण्या समुद्राकाठी हॉटेलांची भिंत उभी राहिली नाही, त्यामागे हा कायदा आहे. वाटेत सार्दाँच्या भूशिराजवळ पांढऱ्या करकोच्यांची घरटी पाहिली. समुद्रातून सरळ उठलेल्या सुळक्यांवर, खाली लाटा फुटत असताना, काटक्यांचे ढीग रचून ते पिलं वाढवतात. पांढरे करकोचे समुद्रकड्यांवर असे घरटी करताना दुसरीकडे सहसा आढळत नाहीत.

बोर्देइराला गाडी लावली की लगेच समुद्र हाती लागत नाही. गावाकडून आलेला ओढा वाळूमागे अडतो आणि त्याची उथळ खाजणासारखी पाणथळ होते. उन्हाळ्यात वाळूचा बांध त्याचं तोंड बुजवतो. हिवाळ्यात, पावसानंतर तो समुद्राला जाऊन मिळतो. आम्ही बूट हातात घेतले आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. पाणी चहाच्या रंगाचं, तळाची वाळू मऊ, आणि घोट्यांभोवती नखाएवढ्या माशांची पळापळ. पुढे रुंदच रुंद वाळू, मागे वाळूच्या टेकड्या. माणसं होती, पण इतकी दूरदूर की त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

दुपारी नोर्ताडा सुटला. हा उत्तरेचा वारा उन्हाळाभर इथे राज्य करतो. कोरडी वाळू जमिनीलगत सरपटत येते आणि पोटऱ्यांना टोचते. हाच वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी आत खोल समुद्राकडे लोटतो, मग त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून भर उन्हाळ्यातही समुद्रात पाय टाकला की अंग शहारतं. पण त्या गार पाण्याबरोबर पोषक द्रव्यं वर येतात, आणि त्यांच्यावर सार्डिनपासून खडकांवरच्या शिंपल्यांपर्यंत सगळं पोसलं जातं. आळसावून पडून राहायला येणाऱ्यांना हा वारा टिकू देत नाही. मला तो फार आवडला.

दक्षिणेच्या कड्यावर लाकडी फळ्यांची वाट आहे. तिथून पुढे गेलं की खडकांच्या बेचक्यात कोळ्यांचा अगदी लहान धक्का दिसतो. या कड्यावर बाराव्या शतकाच्या आसपासच्या मुस्लिम कोळ्यांच्या हंगामी वस्तीचे अवशेष सापडले आहेत. मासा त्यांनाही इथेच खेचून आणत होता.

संध्याकाळी गावात पेर्सेबेश खाल्ले. लाटा आपटतात त्या खडकांना चिकटून वाढणारा हा जीव. डायनासोरच्या नख्या जणू. काढणारे ओहोटीला, दोन लाटांच्या मधल्या उसंतीत, हातातल्या लोखंडी पात्यानं तो खरवडतात. परवाना लागतो, आणि रोज किती काढायचे याला मर्यादा आहे. मिठाच्या पाण्यात जेमतेम उकळून ताटात येतात. कातडी पिळून ओढली की केशरी-गुलाबी मांस बाहेर येतं, आणि खारं पाणी शर्टावर उडतं. लिंबू, मसाला काही नको. मालवणच्या कालवांवर वाढलेल्या माझ्या जिभेलाही ही चव पुरून उरली.

जाणार असाल तर गाडी हवीच, बस तुरळक आहेत. सावलीला झाड नाही, तेव्हा टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. प्रवाह जोरदार असतात. जीवरक्षक नसतील तेव्हा पोहायला उतरू नका. टेकड्यांवरच्या गवतानं वाळू धरून ठेवली आहे, ते तुडवू नका. आणि कॅम्परव्हॅन घेऊन गेलात तर रात्री अधिकृत तळावरच थांबा. उद्यानात इतरत्र मुक्कामाला बंदी आहे.