तांदूय खायाले असते

मोबाइलवर लहान मुलांचे खेळ शोधले की सगळ्यात आधी रंगवलेला तांदूळ दिसतो. परातभर निळा, गुलाबी, पिवळा तांदूळ आणि त्यात हात घालून बसलेलं गोरंगोमटं लेकरू. अशा हाताळण्याच्या खेळानं मेंदूची वाढ होते म्हणे. आमच्या मोठीनं तो व्हिडिओ पाहिला आणि सरळ तांदळाच्या डब्याकडे गेली. पाच वर्षांची आहे, झाकण काढता येतं. पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढेच बसल्या होत्या.

"तांदूय खायाले असते, खेयाले नाई."

विषय तिथंच संपला.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कळंबकडचे. शेतात कापूस, तूर, सोयाबीन. तांदूळ आमच्याकडे पिकतच नाही, तो भंडारा-गोंदियाकडचा नाहीतर रेशनचा. पण आईंचा नियम फक्त तांदळाला नाही. ज्वारी, तूर, हरभरा, अगदी किडे पडलेली डाळसुद्धा खेळायची नाही, ती कोंबड्यांची. ज्या बाईनं उभा जन्म खळ्यावर सांडलेला दाणा दाणा वेचला, तिला "हा मेंदूच्या वाढीचा खेळ आहे हो" असं कोण सांगणार? आणि खरं सांगू का, मलाही तो निळा तांदूळ डोळ्याला बरा वाटत नव्हता. मग ठरवलं, नियम आईंचा, खेळ आपला. खाण्यात न येणारं घरात काय काय आहे ते बघू.

पहिलं निघालं कुटार. तूर, सोयाबीन मळल्यावर मागे उरतं ते. सोयाबीनचं अंगाला खाजतं, तुरीचं त्यातल्या त्यात बरं, पण तेही सुपानं पाखडून धूळ उडवल्याशिवाय लेकरांपुढे ठेवायचं नाही, नाहीतर शिंका आणि खोकला. टोपलंभर कुटार घ्यायचं, त्यात चार-सहा वस्तू लपवायच्या: चमचा, आजीची जुनी किल्ली, नारळाच्या करवंटीचा तुकडा, लाकडी बैलाचं तुटलेलं चाक. डोळे मिटून हात घालायचा आणि काढण्याआधी ओळखायचं. मोठी "गार लागते, म्हणजे किल्ली" असं बोलून दाखवते. धाकटा अजून तीनचाही नाही, तो ओळखत बिळखत नाही, नुसता कोपरापर्यंत हात खुपसून बसतो आणि हसतो. त्याचा खेळ तेवढाच आणि तो पुरेसा आहे. नंतर कुटार परत गोठ्यात जातं, म्हणून आईंची हरकत नाही. मात्र लपवलेल्या वस्तू मोजून घालायच्या आणि मोजून काढायच्या. गाईच्या पोटात किल्ली गेली तर मेंदूची वाढ बाजूला राहील.

मग कापूस. भाव वाढेल म्हणून हिवाळाभर एक खोली कापसानं भरलेली असते हे आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. त्यात उड्या मारायला लेकरं टपलेली असतात, पण अंगाला खाज सुटते, आणि ढिगात लहान मूल खोल रुतलं तर जीव गुदमरू शकतो, म्हणून ते आमच्याकडे बंद. त्याऐवजी मी शेतातून फुटलेली आख्खी बोंडं आणते. एका बोंडात किती प्रकार असतात बघा. बाहेरचं टरफल वाळून कडक झालेलं, टोकं बोटाला टोचतात. आत रुई, उन्हात ठेवली असेल तर कोमट. रुईच्या आत सरकी, टणक, अंगावर बारीक लव. मोठी एकेक सरकी सोडवत तासभर बसते. सरकी बाजूला झाली की आजीच्या मांडीला मांडी लावून वाती वळते. बोटाला किंचित राख लावली की वात घसरत नाही, हे तिला आजीनं शिकवलं. तिच्या वाती मधेच जाड, मधेच दोऱ्याएवढ्या, पण देवापुढे लागतात. उरलेल्या रुईचे बोळे रंगात बुडवून कागदावर टिपायचे. ओला बोळा दाबला की तो पाणी सोडून एवढासा होतो, याचं धाकट्याला कोण अप्रूप.

काळ्या मातीबद्दल मात्र थोडं जास्त लिहावं लागेल, कारण इथं ती पाहिजे तेवढी आहे आणि तिचे नखरेही तितकेच. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. तिचा बैल केला तर बनवताना लोण्यासारखा होतो, सुकताना पाठीवर तडकतो आणि शिंगं गळून पडतात. पोळ्याच्या आधी हे दरवर्षीचं रडगाणं. त्यावर उपाय कुंभाराला माहीत असतो: मातीत राख, बारीक रेती, लीद किंवा चाळलेलं कुटार मिसळायचं. मी लेकरांना उपाय आधी सांगितला नाही. दोन गोळे केले, एक नुसत्या मातीचा, दुसऱ्यात राख आणि कुटार. हातालाच फरक कळतो. नुसती माती चिकट, बोटं सोडत नाही. मिसळलेली खरबरीत, लगेच सुटते. दोन्ही ओसरीवर वाळत ठेवले. मोठी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायची, कोणत्या बैलाला कुठं भेग पडली, आणि मला येऊन बातमी द्यायची. तान्ह्या पोळ्याला मिरवायला लाकडाचाच बैल असतो, पण तिनं शेजारी आपला मातीचाही नेला, एका शिंगाचा.

भिजलेल्या मातीत पळसाची, सागाची, वडाची पानं उलटी दाबली की शिरा उमटतात. सागाचं पान खरबरीत, त्याचा ठसा सगळ्यात सुरेख. कोवळं सागाचं पान तळहातावर चोळलं तर लालसर रंग निघतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, धाकट्याला मात्र रक्त आलं असं वाटून तो भेदरला. मग दिवसभर सगळ्यांना हात दाखवत फिरला.

रंगांचं सांगते. फाल्गुनात पळस फुलला की खाली पडलेली फुलं गोळा करायची, सावलीत वाळवायची. उकळली की केशरी-पिवळं पाणी निघतं, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग गडद होतो. कांद्याची वाळकी टरफलं उकळली तर सोनेरी तपकिरी. चुलीतल्या कोळशाचा काळा. कुंपणावरच्या गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी, त्यात लिंबाचे चार थेंब पडले की जांभळं-गुलाबी, आणि दुसऱ्या वाटीत राखेचं निवळलेलं पाणी घातलं तर हिरवट. एका फुलाचे तीन रंग. लिंबू खाण्याचं नाही का, असा प्रश्न आईंना पडलाच. पिळून झालेली साल वापरायची यावर तडजोड झाली, आणि ती पुरतेही.

हळदीवर मात्र घासाघीस करावी लागली. शेवटी मागच्या वर्षीची, वास उडालेली हळद डब्याच्या तळातून मिळाली. ती पाण्यात कालवून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला फासायची आणि वाळू द्यायची. कृषी केंद्राच्या कॅलेंडरची मागची बाजू चालत नाही, गुळगुळीत असते, पाणी धरत नाही. पिवळा कागद वाळला की साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर काढायचं. बोट जाईल तिथं लाल रेघ उमटते. वरून लिंबाची साल फिरवली की लाल परत पिवळं. लेकरांना ही जादू वाटते. आईंना अजिबात वाटली नाही. "कुकू असंच करत होतो आमी," एवढंच म्हणाल्या. बरोबरच आहे, हळद आणि चुन्याचंच तर कुंकू व्हायचं. आणि मग ज्या बाईनं हळद द्यायला एवढे आढेवेढे घेतले, त्यांनीच पत्रिकेवर बोटानं लक्ष्मीची पावलं काढून दाखवली.

ब्रश विकत आणायचा नाही. कडुनिंबाच्या काडीचं टोक चावून आबाजी दातून करतात, तशीच काडी ठेचून घेतली की झाला ब्रश. जून झालेली भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा. ती निबर झालेली, भाजीत कुणी घेणार नाही अशीच घ्यायची. बाकी गुलमोहोराची वाळकी शेंग खुळखुळ्यासारखी वाजते, मक्याचं दाणे काढलेलं कणीस रंगात लोळवून कागदावर फिरवलं तर छान ठिपके पडतात, हे तुम्हालाही माहीत असेल.

मे महिन्यात काय करायचं? पारा ४४-४५ वर, बाहेर जायची सोय नाही. तेव्हा आमच्याकडे पाण्यानं चित्रं काढतात. वाटीभर पाणी, कूलरच्या ताटीतून निघालेला वाळ्याचा झुबका, आणि मागच्या ओसरीची भिंत. ओल्या वाळ्याचा वास सगळीकडे भरतो. चित्र पुरं व्हायच्या आत सुरुवातीचा भाग वाळून गेलेला असतो. हत्तीचं शेपूट काढेपर्यंत सोंड गायब. मोठी आधी चिडायची, आता शर्यत लावते. मला हा खेळ सगळ्यात आवडतो, कारण यात पसारा नाही, सांभाळून ठेवायचं काही नाही आणि "काय काढलंस?" हा प्रश्नच उरत नाही. तो प्रश्न मी फार विचारायचे. धाकटा गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग मला बरं वाटावं म्हणून "बैल" म्हणायचा. एकदा आईच म्हणाल्या, "कायले इचारतं वं त्याले? पान्यानं खेयते, खेयू दे."

आता कुणी म्हणेल हे सगळं तू शोधून काढलंस का. नाही हो. खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी करून ठेवलंय. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, गोटे, पानं, बिया यांचीच साधनं केली. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडात, हे वाचल्यावर मला उगीचच जवळचं वाटलं. अंगणात मुलं गोळा करून शिकवायचं ही त्यांचीच कल्पना, आणि आज गावोगावच्या अंगणवाडीत भिंतीवर प्लॅस्टिकचे तक्ते लागतात. असो.

एका बाबतीत मात्र मी आईंपेक्षा कडक आहे. शहरातले लोक "घरातल्या वस्तू" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे वाटी-चमचा असतो. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची बाटलीही असते. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर तरी हे कुणाला सांगायला लागू नये. औषधाची बाटली, तिचं झाकण, मापाचा डबा कितीही धुतला तरी खेळायला द्यायचा नाही. खताचं पोतं अंथरायचं नाही. पाकिटातलं बियाणं तर मुळीच नाही: ते लाल, निळं, हिरवं दिसतं तो रंग म्हणजे त्याला औषध चोळल्याची खूण असते, आणि लेकरांना नेमका तोच रंग हवा असतो. रानातल्या बियांत गुंज सगळ्यात देखणी, लाल अंगावर काळा ठिपका, आणि तीच विषारी. एरंडी, चंद्रज्योत, धोतरा, हेही तसेच. चिंचोके बिनविषारी, पण तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती नाही, आधी नाकात जातात नाहीतर घशात. पानाच्या डब्यातला चुना मी लेकरांच्या हाती देत नाही, डोळ्यात गेला तर डोळा जाईल. म्हणूनच वरच्या हळदीच्या खेळात चुन्याऐवजी साबणाचं पाणी आहे. शेणानं सारवायला आईंच्या मागे दोघं बसतात, ओल्या शेणावर बोटांच्या कमानी काढतात, त्याला माझी ना नाही. फक्त हाताला जखम असेल त्या दिवशी नाही, धनुर्वाताच्या लसी वेळेवर, आणि नंतर साबणानं नखांसकट हात.

कणकेचं विचाराल तर तिथं नियम वाकतो. पोळ्या लाटताना आई स्वतःच दोघांना एकेक गोळा देतात. त्याचा साप होतो, भोवरा होतो, मातकट होतो, शेवटी कुत्र्याला जातो. मी म्हटलं, आई, हे अन्नाशी खेळणं नाही का? "थे पोया करून रायले," म्हणाल्या, आणि तव्यावरची पोळी उलटली.

हळदीचे डाग हा शेवटचा मुद्दा, कारण मला मैत्रिणी तेच विचारतात. साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका, पाण्यानं खळबळून धुतला की परत पिवळा. मग कपडा ओलाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन उन्हांत बराचसा उडतो, आणि ऊन आमच्याकडे फुकट आहे. पळसाचा डाग मात्र चिवट निघतो. त्या दिवशी जुनाच फ्रॉक घाला.