कवड्यांचा पट्टा

दिवाळीच्या पाडव्याला बेळगावच्या शहापुरात म्हशी पळवताना बघून आल्यापासून भाच्यानं धोसरा लावलाय, "आत्ती, म्हशीचं कार्टून काढून दे की." उंदराचं झालं, मांजराचं झालं, सशाचंही झालं; म्हशीनंच काय घोडं मारलंय? बिनतोड सवाल होता. मी वही आणि खोडरबर घेऊन बसले.

जुन्या कार्टूनवाल्यांची एक कसोटी असते. पात्र नुसतं काळं रंगवलं तरी ओळखू आलं पाहिजे. म्हैस ही परीक्षा जन्मतःच पास! त्यात आमच्याकडची पंढरपुरी म्हैस म्हणजे मागं गेलेली तलवारीसारखी लांब शिंगं. दोन रेघा मारल्या आणि शेजारचं कन्नड पोर ओरडलं, "एम्मी!" नाव मात्र दोन्ही घरांत चालणारं हवं होतं, म्हणून गौरी ठेवलं. एवढ्या काळ्या बाईला गौरी म्हणताना दोन्ही पोरं पोट धरून हसली.

खरी पंचाईत शिंगांनी केली. मिकी माऊस तोंड कुठंही वळवो, त्याचे कान गोलच राहतात. शिंगं असं चालवून घेत नाहीत. समोरून ती वेगळी, बाजूनं वेगळी, आणि गौरी जरा तिरकी वळली की एक शिंग थेट कानात. एका संध्याकाळी अर्धं खोडरबर संपलं.

तेव्हा कळलं, कार्टूनवाल्या मंडळींची निम्मी कला म्हणजे काटकसर. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी 12 चित्रं आलीच. म्हणजे गौरी दहा सेकंद पळायची तर 120 म्हशी, आणि माझी वही शंभर पानी. म्हणून तर कार्टूनच्या हाताला चारच बोटं. एक बोट वाचलं की हजारो बोटं वाचतात. 1958 मध्ये टीव्हीवर आलेल्या योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आणि टायही हौसेची नाही. धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवायचं, तर मधला सांधा झाकायला काहीतरी पाहिजे ना.

गौरीला रंग भरला आणि ती नाहीशीच झाली. काळ्या अंगावर काळे पाय, कुठला पुढं नि कुठला मागं काही कळेना. 1928 मध्ये मिकीचे हातही असेच काळे होते. दुसऱ्याच वर्षी त्याला पांढरे हातमोजे मिळाले. मी गौरीच्या खुरांवर पांढरे मोजे चढवून बघितले. लग्नातला बँडवाला दिसायला लागली.

सकाळी दूध घालायला आलेल्या गवळीमामांनी वहीत डोकावलं. "ताई, म्हस हाय काय गाय? कान कशाला उभं केलाय? आडवं पडू द्यात की." मग पान जरा लांब धरून म्हणाले, "आणि गळा मोकळा कसा? पाडव्याला कवड्यांचा पट्टा बांधतोय न्हवं आम्ही."

मी कपाळावर हात मारला. काळ्यावर पांढरं! पाडव्याची अख्खी मिरवणूक डोळ्यांसमोरून गेली होती. रंगवलेली शिंगं, त्यांवरची मोरपिसं, गळ्यात पांढऱ्या कवड्या. मी बघत होते फक्त म्हशींपुढं पळणाऱ्या, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीकडं, कारण कान किटले होते.

पट्टा रेखाटला आणि मान दिसायला लागली. त्याच्याखाली सांधाही आपसूक झाकला गेला. पायांचं काम मात्र अजून राहिलंय. मामांनी पायात घुंगरू सुचवलेत, पण प्रत्येक पानावर तेवढे घुंगरू कोण काढणार?

सध्या वहीची पानं भराभर सोडली की गौरी तीन सेकंद पळते, 36 पानांत. "आत्ती, काय करालीस? झाली काय म्हस?" म्हणत भाच्यानं काल वही ओढून घेतली आणि मागच्या बाजूनं पानं सोडली. गौरी शेपटीकडून पळत पळत थेट गोठ्यात परत गेली. आता त्याला तेवढंच बघायचं असतं.